तांदूळ आला, भाजी नाही आली

नियम या गोष्टीबद्दल आपल्याकडे दोनच मतं असतात. पहिलं, "नियम म्हणजे नियम". हे मत बहुधा खिडकीच्या आत बसलेल्या माणसाचं असतं. दुसरं, "अहो, माणसासाठी नियम की नियमासाठी माणूस?" हे खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्याचं. गंमत म्हणजे आतला माणूस संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या तरी रांगेत उभा राहिला की त्याचंही मत बदलतं. असो.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मात्र एक वेगळाच प्रकार बघायला मिळाला. खिडकीच्या आतल्यांनीच नियम वाकवले. तेही थोडेथोडके नाही. करोनाचं नाव काढलं की आपल्याला मास्क, ऑक्सिजन, रेमडेसिविर आणि थाळ्या आठवतात. मला मात्र त्या काळातली रेशनची परिपत्रकं आठवतात. (आवड ज्याची त्याची!) कारण सरकार नावाची गोष्ट मनात आणलं तर किती लवचिक होऊ शकते, आणि नेमकी कुठे ताठ राहते, हे त्या परिपत्रकांतून जितकं कळलं तितकं कुठल्याही भाषणातून कळलं नसतं.

आधी जे वाकलं त्याचं कौतुक करू. ते करायलाच हवं, कारण टीका करताना आपण नेमकं तेच विसरतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि २६ तारखेला केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली. माणशी ५ किलो जादा धान्य फुकट, आणि कुटुंबामागे महिन्याला १ किलो डाळ. सुरुवातीला तीन महिन्यांसाठी, मग नोव्हेंबरपर्यंत, मग दुसऱ्या लाटेत मे २०२१ पासून पुन्हा. ती २०२२ च्या डिसेंबरपर्यंत चालली. राज्याने केशरी कार्डवाल्यांना, म्हणजे एरवी "तुम्ही गरीब नाही" म्हणून परत पाठवलं जातं त्यांनासुद्धा, मे आणि जून २०२० साठी ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला. पॉस मशीनवर कार्डधारकाचा अंगठा घेण्याची सक्ती काही काळ बाजूला ठेवली आणि दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य देण्याची मुभा दिली. ज्या अंगठ्यासाठी आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तीन-तीन खेपा माराव्या लागत, तो अंगठा एका कागदाने गौण ठरला. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली होती, ती टाळेबंदीत ५ रुपयांवर आणली, शहरातून तालुक्यापर्यंत नेली, आणि एप्रिल २०२१ मध्ये काही महिने फुकट केली.

शाळांचंही तसंच. १८ मार्च २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, सर्वोच्च न्यायालयाने आपणहून राज्यांना विचारलं, की शाळा बंद म्हणजे पोरांचं दुपारचं जेवणही बंद का? मग शिजवलेली खिचडी देता येत नाही तर कोरडा शिधा पालकांच्या हाती द्या, असं ठरलं. अंगणवाडीतून सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना, गरोदर आणि स्तनदा बायांना घरपोच पाकिटं गेली. ती पाकिटं घरोघरी कोणी नेली? अंगणवाडी ताई आणि मदतनीस. तोंडाला ओढणी बांधून, तेही बहुतेक स्वतःच्या पायांनी. त्यांच्या मानधनाबद्दल इथे लिहायला बसलो तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

तर मंडळी, सांगायचा मुद्दा असा, की नियम वाकतात. ते रबराचे नसतात, पण लोखंडाचेही नसतात. मग ते सगळीकडे वाकले का?

नाही. भाजीच्या बाबतीत वाकले नाहीत.

मी गंगापूरचा. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी (नाशिकजवळच्या धरणाचं गंगापूर वेगळं बरं का!): तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका, दक्षिणेला गोदावरी. तालुक्यात दोन जगं आहेत. एकीकडे शेतीचं गंगापूर: कापूस, मका, कांदा, आलं, विहिरीला पाणी असेल तर भाजीपाला. दुसरीकडे वाळूज, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी हा एमआयडीसीचा पट्टा. तिथे दहा बाय दहाच्या खोल्यांत चार-चार, पाच-पाच कामगार राहतात. कोणी जालन्याचं, कोणी परभणीचं, कोणी थेट बिहारचं. दोन्ही जगं एकाच तालुक्यात, वीस-पंचवीस किलोमीटरवर.

टाळेबंदीत आठवडी बाजार बंद झाले. आता आठवडी बाजार म्हणजे काय हे शहरात राहणाऱ्यांना सांगावं लागेल. ती नुसती भाजी घ्यायची जागा नसते. ज्याच्याकडे अर्धा एकर मेथी-कोथिंबीर आहे, ज्याचा माल टेम्पो भरण्याइतकाही होत नाही आणि जो आडत्याकडे नेला तर हमाली-तोलाई जाऊन हातात काहीच उरत नाही, अशा शेतकऱ्याचं ते एकमेव दुकान असतं. बाई सकाळी पाटी घेऊन बसते, दुपारपर्यंत जुड्या संपवते, जाताना त्याच पैशांतून तेल, चहा पावडर आणि पोराला वही घेऊन जाते. आणि घेणाराही तितकाच लहान असतो. दहा रुपयांचे टोमॅटो, पाच रुपयांच्या मिरच्या. मोठ्या दुकानात जाऊन पाच रुपयांच्या मिरच्या मागून बघा एकदा.

हा बाजार बंद झाला तो थेट ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने परवानगी देईपर्यंत. म्हणजे साडेसहा महिने. पुढे दुसऱ्या लाटेच्या आधी पुन्हा बंद. मध्यंतरी मे २०२० मध्येच राज्यात अनेक ठिकाणी दारूची दुकानं उघडली होती. महसुलाचा प्रश्न होता म्हणे. मेथीच्या जुडीवर अबकारी कर नाही, हा तिचा दोष.

माझ्या नात्यातले एक मामा आहेत, पाऊण एकरात भाजीपाला करतात. त्या एप्रिलात त्यांच्याकडे कोथिंबीर, पालक आणि टोमॅटो तिन्ही एकदम तयार होतं. आधी त्यांनी गल्लीत वाटलं, मग नातेवाइकांकडे पाठवलं, मग शेळ्यांना घातलं आणि शेवटी रोटाव्हेटर फिरवला. त्याच महिन्यात वाळूजच्या एका खोलीत राहणारा, आमच्याच ओळखीतला एक पोरगा फोनवर सांगत होता, की तांदूळ मिळतोय, कुणीतरी डाळही देतंय, पण वीस दिवस झाले हिरवं काही पाहिलं नाही. पाऊण तासाचं अंतर. इकडे पालक शेळीच्या तोंडात आणि तिकडे पाच माणसं मीठ-भातावर.

यात दोष कोणाचा, असं विचाराल तर नाव घेऊन सांगता येणार नाही. मामांना पास मिळाला नाही हे खरं, पण पास मिळाला असता तरी ते विकणार कोणाला? त्या पोराचा पगार बंद होता. मामांकडे माल, त्याच्याकडे भूक, आणि दोघांच्या मध्ये पैसा नव्हता. नेमकी हीच जागा मदतीची असते. तिथे मदत होती, पण ती फक्त धान्याची भाषा बोलत होती.

आता कोणी म्हणेल, की शेतकऱ्याला थेट विक्रीची मोकळीक तर होतीच की! बरोबर. महाराष्ट्राने २०१६ सालीच फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियानही सुरू केलं. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानेही राज्यांना सांगितलं, की शेतकऱ्यांना, शेतकरी कंपन्यांना बाजार समितीबाहेर थेट विकू द्या. आणि खरोखर, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकांवर शेतकरी गटांचे टेम्पो उभे राहिले. व्हॉट्सअॅपवर यादी, भाज्यांची तयार पिशवी, मोबाईलवरून पैसे. चांगलंच झालं. पण ती लवचिकता विक्रीची होती. ज्याच्याकडे पैसे होते आणि ज्याच्या इमारतीला फाटक होतं त्याच्यापर्यंत ती पोचली. रांजणगावच्या खोलीला फाटक नाही आणि तिथल्या माणसाच्या मोबाईलमध्ये शिल्लक नाही.

म्हणजे दोन मोकळीकी होत्या. एक गरिबाला धान्य देण्यातली, दुसरी शेतकऱ्याला भाजी विकण्यातली. या दोन्ही एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

त्या भेटवता येतात, हे जगात इतरत्र करून दाखवलेलं आहे. अमेरिकेत गरीब गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी पोषण मदतीचा मोठा कार्यक्रम आहे. त्याला जोडून १९९२ पासून एक छोटी योजना आहे: या बायकांना कुपनं द्यायची, आणि ती फक्त शेतकऱ्यांच्या बाजारातच ताजी फळं-भाज्या घ्यायला चालतात. पुढे गरीब म्हाताऱ्यांसाठीही तशीच योजना आली. रक्कम अगदी किरकोळ. तिकडच्या हिशेबाने तर फारच. पण कल्पना बघा: एकाच रुपयाने दोन कामं. लेकराच्या ताटात भाजी आणि लहान शेतकऱ्याच्या गल्ल्यात पैसे. करोना आला तेव्हा मार्च २०२० मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून मूळ पोषण कार्यक्रमातल्या काही अटी शिथिल करण्याचा अधिकार खात्याला दिला. कार्यालयात प्रत्यक्ष हजर राहण्याची अट त्यातलीच एक. २०२१ मध्ये तर फळं-भाज्यांसाठी मुलामागे महिन्याला मिळणारे ९ डॉलर काही महिन्यांसाठी ३५ डॉलरपर्यंत नेता येतील अशी तरतूद केली.

अमेरिकेचं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडेही लोक अन्नाच्या रांगेत गाड्या घेऊन तासन्‌तास उभे होते. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं: तिथे ताजी भाजी ही 'मदत' या शब्दाच्या आत होती. त्यामुळे संकट आलं तेव्हा वाकवायला निदान एक नियम तरी होता. आपल्याकडे वाकवायलाच काही नव्हतं.

थांबा. काही नव्हतं असंही नाही. हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं जे प्रमाण ठरलेलं आहे त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल आणि ५० ग्रॅम भाजी आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, साडेसात ग्रॅम तेल आणि ७५ ग्रॅम भाजी. भाजी नियमात आहे! अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, जेवणाचे नियम २०१५ चे, आणि जेवण देता आलं नाही तर त्याऐवजी अन्नसुरक्षा भत्ता द्यावा अशीही तरतूद आहे. धान्य आणि शिजवण्याचा खर्च, असा तो भत्ता. कोरडा शिधा वाटताना मात्र तांदूळ आला, कडधान्य आलं आणि ५० ग्रॅम भाजी मधल्यामध्ये गळून गेली. ती कोणी रद्द केली नाही. तिचं काय करायचं हेच कोणाला सुचलं नाही.

पुढे २८ मे २०२१ ला केंद्राने शिजवण्याच्या खर्चापोटी देशातल्या जवळपास ११ कोटी ८० लाख मुलांना रोख पैसे द्यायचं जाहीर केलं. एकूण सुमारे १२०० कोटी रुपये. म्हणजे मुलामागे साधारण १०० रुपये, एकदाच. आणि त्यासाठी बँकेत खातं हवं! खातं काढायला जाण्या-येण्याचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी धरली तर त्या शंभरातले किती उरतात याचा हिशेब तिसरीतलं पोरगंही करेल. नियम वाकवला खरा, पण तो पालकांच्या पाठीवर वाकवला.

आता थोडा माझा हिशेब ऐका. २०० मुलांची शाळा धरा. रोजची ५० ग्रॅम म्हणजे १० किलो भाजी. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ६० किलो. माझ्या मामांसारख्या एका शेतकऱ्याचा आठवड्याचा माल आरामात खपतो. अशी २०,००० मुलं धरली तर रोजचा एक टन. तालुक्यातले सगळे भाजीवाले शेतकरी यावर जगतील असं मी म्हणत नाही, पण ज्यांचा माल उकिरड्यावर गेला त्यांच्यासाठी हा टन थोडा नव्हता. आणि मुलाच्या बाजूने पाहिलं तर आठवड्याला ३०० ग्रॅम पालक, गाजर, टोमॅटो. यात चैन कुठे आहे?

चैन हा शब्द मुद्दाम वापरला. कारण भाजीचा विषय काढला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक भाव येतो: "अहो, लोकांना खायला अन्न नव्हतं आणि तुम्ही पालकाचं काय घेऊन बसलात!" २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत जवळपास ६९ टक्क्यांना रक्तक्षय. बायकांत ५४ टक्के. हे लोक उपाशी नाहीत. पोट भरलेलं आहे, पण भाताने. पोट आणि पोषण यातला फरक आपल्या रेशनव्यवस्थेला अजून नीट पचलेला नाही.

याचं कारणही समजण्यासारखं आहे. आपल्या मदतीची सगळी घडण दुष्काळाची आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही सत्तरीच्या माणसाला १९७२ बद्दल विचारा. मिलो आणि सुकडी हे दोन शब्द येणारच. अमेरिकेतून आलेली ती लालसर मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी. दुष्काळात शेतात काही नसतंच, त्यामुळे बाहेरून आणून वाटणं हाच मार्ग. धान्य टिकतं, पोत्यात मावतं, गोदामात राहतं, मोजता येतं, त्याचा पंचनामा करता येतो. भाजी दुसऱ्या दिवशी सुकते. सरकारी कागद तिसऱ्या दिवशी निघतो. त्यामुळे दोघांचं जमत नाही!

पण २०२० हा दुष्काळ नव्हता. शेतात माल होता. १९७२ चा उपाय, तोही मोठ्या मनाने आणि मोठ्या प्रमाणात, एका वेगळ्याच दुखण्यावर लावला गेला. त्याने जीव वाचले, हे मी दहा वेळा मान्य करीन. पण जे शेतात सडत होतं ते तसंच सडू दिलं.

आता आक्षेपांकडे वळतो. दोन आक्षेप खरोखर वजनदार आहेत.

पहिला गर्दीचा. बाजार उघडे ठेवले असते तर रोग पसरला असता. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात मे २०२० मध्ये काय झालं ते आपण पाहिलं. त्या एका बाजारातून संसर्ग जिल्ह्या-जिल्ह्यात गेला. खरं आहे. पण कोयंबेडू हा प्रचंड मोठा, कोंदट घाऊक बाजार. त्याची भीती घालून शाळेच्या मैदानावर दहा-दहा फुटांवर बसलेल्या वीस शेतकऱ्यांना उठवायचं? उलट एक मोठा बाजार बंद करायचा असेल तर त्याच्या जागी वीस छोटे उघडावे लागतात, नाहीतर लोक चोरून एकाच गल्लीत दाटी करतात. तसं झालंही. औरंगाबाद शहर आणि वाळूजला १० ते १८ जुलै २०२० ही कडक संचारबंदी लागली, तिच्या आदल्या दिवशी भाजीसाठी केवढी झुंबड उडाली असेल याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

दुसरा आक्षेप गळतीचा. कुपनं छापली की बोगस कुपनं छापली जाणार, शेतकरी म्हणून व्यापारीच बसणार, भाजीच्या नावावर गुटखा विकला जाणार. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपण सगळे याच देशात राहतो. पण यावर दोन गोष्टी. एक, धान्यातही गळती होते आणि तरीही आपण धान्य बंद केलं नाही. दोन, सडलेली भाजी ही शंभर टक्के गळती आहे. तिचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही म्हणून ती झालीच नाही असं नाही. आणि खरं तर ताज्या भाजीची साठेबाजी करता येत नाही. कोण मेथीच्या जुड्या सहा महिने दाबून ठेवणार?

याहून एक तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. ती लवचिकतेच्या स्वभावाबद्दलची आहे. त्या दोन वर्षांत जे जे नियम सैल झाले ते सगळे आदेशाने. आज निघाला, उद्या मुदत वाढली, परवा संपली. एका जिल्ह्यात बाजार चालू, शेजारच्या जिल्ह्यात बंद. एखाद्या तहसीलदाराला कळकळ असेल तर शेतकऱ्याला पास, नसेल तर लाठी. लवचिकता अशी असली की ती मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी नेहमी ओळख असलेल्याला आधी मिळते.

८ मे २०२० ची पहाट आठवा. आपल्याच जिल्ह्यात, करमाडजवळ, रेल्वे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, भुसावळकडे पायी. रुळांवर विखुरलेल्या त्या भाकऱ्यांचा फोटो देशभर छापून आला. रेशनचं धान्य गोदामात होतं. पण त्या वेळी मजुराचं कार्ड त्याच्या गावाला बांधलेलं. 'एक देश एक रेशनकार्ड' ही योजना २०१९ मध्येच सुरू झाली होती, सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडीही होतीच. पण ती सगळ्या राज्यांत लागू करा, ३१ जुलैच्या आत करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते २९ जून २०२१ ला. म्हणजे करमाडनंतर तेरा महिन्यांनी. त्या सोळा जणांना धान्य मिळालं असतं तर ते चाललेच नसते, असं मी म्हणत नाही. घरची ओढ वेगळी असते. पण 'जिथे आहेस तिथे तुला खायला मिळेल' हा भरवसा कायद्यात आधीच लिहिलेला असणं, आणि संकट आल्यावर कोणाच्या तरी मनात येणं, यात फार फरक आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सैल करण्याचे नियमच आधी लिहून ठेवा. साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईत प्लेग आला तेव्हाचा. त्यात लोकांना अडवायचे अधिकार भरपूर आहेत. लोकांना खाऊ घालण्याबद्दल एक ओळ नाही. ती जोडता येईल. साथ जाहीर झाली की आपोआप चार गोष्टी लागू व्हाव्यात: अंगठ्याची सक्ती थांबावी. कार्ड असो नसो, माणूस जिथे आहे तिथे शिधा मिळावा. आठवडी बाजार बंद करायचा असेल तर त्याच आदेशात पर्यायी छोट्या बाजारांच्या जागा दिलेल्या असाव्यात, त्याशिवाय तो आदेश वैध मानू नये. आणि शाळेतल्या, अंगणवाडीतल्या लेकराच्या वाट्याची भाजी त्याच्या आईच्या हातात कागदी कुपनाने पडावी. ते कुपन गावातल्या नोंदणीकृत भाजीवाल्या शेतकऱ्याकडेच चालावं आणि शेतकऱ्याने ते ग्रामपंचायतीत वटवावं. आठवड्याला लेकरामागे ५० रुपये धरले तर हजार लेकरांचे आठवड्याचे ५०,००० होतात. शिवभोजनाच्या ग्रामीण भागातल्या एका थाळीचा खर्च ३५ रुपये धरलेला होता. तेव्हा हे काही आभाळातलं गणित नाही.

कागदीच का, असंही कोणी विचारेल. कारण कागदाला रेंज लागत नाही. आमच्याकडे पाऊस पडला की मशीन बंद पडतं.

हे सगळं आता, साथ ओसरल्यावर, कशाला उकरून काढायचं? उलट आताच काढायला हवं. संकटात कोणाला वेळ नसतो आणि संकट गेलं की कोणाला आठवण नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला. साथ नसताना, तिजोरीत जे काही असेल ते असताना, एक अंडं टिकलं नाही. मग साथीत पालक टिकेल हे कशाच्या भरवशावर मानायचं? आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत अंडी आणि केळी आहेत, म्हणजे हे करता येतं हे खात्याला ठाऊक आहे. गंगापूर आदिवासी तालुका नाही, म्हणून इथल्या लेकराचं रक्त वेगळं असतं का?

या विषयावर दोन्ही बाजूंनी माझ्याशी भांडणारे भेटतात. शेतकरी चळवळीतले मित्र म्हणतात, सरकारने फक्त बाजूला व्हावं, आमचं आम्ही विकू. शहरातले मित्र म्हणतात, थेट खात्यात पैसे टाका, भाजी घ्यायची की बिस्किटं ते त्यांचं ते ठरवतील. दोन्हींत तथ्य आहे. पण सरकार बाजूला झालं तेव्हा भाजी फाटकवाल्या सोसायटीत गेली, आणि खात्यात पैसे टाकायचे म्हटले तेव्हा शंभर रुपये आले. मला तिसरा रस्ता हवा आहे, ज्यावर शेतकरी आणि ती आई दोघं समोरासमोर उभे राहतील आणि सरकार मध्ये न येता मागे उभं राहील.

तुमच्या गावात त्या दोन वर्षांत भाजीचं काय झालं होतं? बाजार कधी उघडला, कोणी उघडला, कोणाच्या सांगण्यावरून? शाळेतून काय-काय मिळालं? जमलं तर आठवून कुठेतरी लिहून ठेवा, निदान घरातल्या एखाद्या वहीत तरी. पुढच्या वेळी नियम लिहिणाऱ्याला तांदळाचे आकडे सरकारी दप्तरात सापडतील. भाजीचे आकडे तुमच्याशिवाय कोणाकडेच नाहीत.